कंबर आणि किडनी

दिघी

चि. निलेश,

ताई फोनवर सांगत होती, "निलेशची कंबर बरी आहे आता, गोळी घेतली की चाकणची शिफ्ट निभावते." तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. महिनोन् महिने रोज गोळी लागते म्हणजे कंबर बरी नाही, बाळा. दुखणं तेवढं कळेनासं होतं आणि तू त्याच कमरेने क्रेट उचलत राहतोस.

तुझ्या बॅगेतल्या स्ट्रिपा मी निरखून पाहिल्या. एकीत डायक्लोफेनॅक, दुसरीत ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल. कंपन्या वेगळ्या, रंग वेगळे, पण डायक्लो आणि ॲसिक्लो एकाच जातीची. सकाळी एक आणि रात्री ठणका लागला की दुसरी, म्हणजे डोसावर डोस. दोन्ही स्ट्रिपांवर उभी लाल रेघ आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, असा तिचा अर्थ; मेडिकलवाला ओळखीचा असला तरी तो अर्थ बदलत नाही.

"पण मावशी, सोबत पॅन्टोप्राझोल घेतो की," म्हणालास. त्याने जठर सांभाळलं जातं, किडनी नाही. प्रोस्टाग्लँडिन नावाची जी द्रव्यं दुखणं नि सूज वाढवतात, तीच जठराचं अस्तर राखतात आणि किडनीचा रक्तपुरवठा चालू ठेवतात. गोळी ती सरसकट कमी करते. त्यात भर उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली तू घाम गाळणार आणि लाइन सोडून लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी कमी पिणार! डायलिसिस वॉर्डात ड्यूटी करताना वर्षानुवर्षं अंगदुखीच्या गोळ्या खाल्लेली माणसं मी पाहिली आहेत. बिघडू लागलेली किडनी बहुधा दुखत नाही, म्हणून कुणाला पत्ताच लागला नव्हता. तू क्रिएटिनिन तपासून घे. बीपीसुद्धा, या गोळ्यांनी तेही चढतं.

गोळीला हातच लावू नकोस, असं मी म्हणत नाही. कंबर अगदीच धरली तर डॉक्टर सांगतील ती एकच, कमी डोसची, थोडे दिवस, जेवल्यावर घे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी सूचना काढल्या. त्यांत व्यायामावर भर आहे, आणि अफूच्या जातीच्या वेदनाशामकांना नि कमरपट्ट्याला नकार आहे. तेव्हा तो ऑनलाइन मागवलेला पट्टा ठेवून दे आणि तुझा मित्र त्याच अफूच्या जातीचं ट्रामाडॉल देऊ करत होता, त्याला सरळ नाही म्हण.

ईएसआयचं कार्ड आहे ना? मोहननगरच्या हॉस्पिटलात सगळ्या स्ट्रिपा घेऊन जा, डॉक्टरांपुढे ठेव, फिजिओथेरपीचं विचार. वजन उचलायचं काम काही दिवस बदलून मिळेल का, हेही सुपरवायझरशी बोल. सुटीच्या दिवशी इकडे ये, दत्तगडापर्यंत हळूहळू चालू.

आणि एवढं ध्यानात ठेव: शी डांबरासारखी काळी झाली, लघवी अडली, जांघेत बधिर वाटलं किंवा पायातला जोर गेला, तर सकाळची वाट पाहू नकोस. रात्रीच वायसीएम हॉस्पिटल गाठ आणि मला फोन कर.

तुझी,
मावशी