पाच मिनिटांची कुदळ

मुलांनो, पेण तालुक्यात गागोदे नावाचे एक लहान गाव आहे. तेथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. पुढे सारा देश त्यांना आचार्य विनोबा भावे म्हणून ओळखू लागला. भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून १९५१ पासून तेरा वर्षे ते गावोगाव पायी हिंडले. अरबी शिकून त्यांनी कुराणाचा मूळ भाषेत अभ्यास केला आणि निवडक आयतांचे ‘कुराण-सार’ हे पुस्तक तयार केले. इतके चालणारा माणूस जन्मापासूनच धट्टाकट्टा असेल, असे आपल्याला वाटते. पण तसे नव्हते.

१९३८ साली विनोबांची प्रकृती अगदी खालावली होती. वय ४२ वर्षे आणि वजन ८८ पौंड, म्हणजे सुमारे ४० किलो! गांधीजींना काळजी वाटली. थंड हवेच्या ठिकाणी जाऊन विश्रांती घ्यावी, असे त्यांनी सुचवले. विनोबांनी मात्र वर्ध्याजवळचे पवनार गाव निवडले. धाम नदीच्या काठी ते राहू लागले. तेथे त्यांनी सगळ्या चिंता मनातून बाजूला ठेवल्या आणि रोज कुदळ घेऊन शेत खणायला सुरुवात केली.

पहिल्या दिवशी त्यांनी किती खणले असेल? फक्त पाच मिनिटे! दुसऱ्या दिवशी थोडे अधिक, तिसऱ्या दिवशी आणखी थोडे. दम लागला की थांबायचे, विसावा घ्यायचा, पुन्हा कुदळ उचलायची. असे करता करता ते तासभर खणू लागले. भूक लागू लागली, अंगात ताकद आली आणि वजन १२८ पौंडांपर्यंत वाढले. पहिल्याच दिवशी ते तासभर खणायला गेले असते, तर दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठता आले नसते. थोडे असले तरी नित्य केलेले काम अल्लाहला अधिक प्रिय असते, असे हदीसमध्ये सांगितले आहे, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

आपले विद्यार्थी नेमके उलटे करतात. दहावीची परीक्षा जवळ आली की वेळापत्रके तयार होतात. पट्टीने आखलेल्या रेघा, दोन रंगांची शाई. पहाटे चार ते रात्री अकरा अभ्यास आणि जेवायला दहा मिनिटे! सोमवारी असा दिनक्रम सुरू होतो. गुरुवारी तो फक्त भिंतीवर उरतो. मग मूल स्वतःलाच आळशी समजू लागते. खरे तर दोष मुलाचा नसतो, त्या वेळापत्रकाचा असतो.

नियमितपणाचे आणखी एक कारण आपल्या शरीरातच आहे. शरीराला स्वतःचे घड्याळ असते. झोप केव्हा यावी, भूक केव्हा लागावी, हे बरेचसे ते ठरवते. हे घड्याळ पेशींमध्ये कसे चालते, याचा शोध लावणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सकाळच्या उजेडाने हे घड्याळ जुळते. रात्री उशिरापर्यंत मोबाइलचा उजेड डोळ्यांवर पडला, तर ते मागे पडते. तुमच्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. बारा वाजता झोपलेल्या मुलाला सकाळच्या तासाला फळा दिसतो, पण त्यावरचे डोक्यात शिरत नाही.

आता आपल्या वरसे गावाचेच पाहा. धाटावच्या कारखान्यात कुणाचे वडील रात्रपाळीला जातात, तर कुणाचा भाऊ पहाटेची गाडी पकडतो. सगळ्या घरांचा दिनक्रम एकसारखा कसा असेल? तरीही गावात दिवसातून पाच वेळा अजान होते. तिच्याशी एखादे छोटे काम जोडून द्यावे. फज्रनंतर दहा मिनिटे चालणे. मगरिबनंतर पुस्तक उघडणे, मग दोनच पाने का होईना. इशानंतर मोबाइल अम्मीच्या हवाली करणे. हे शेवटचे काम सर्वांत अवघड, हे मला ठाऊक आहे!

कधी ताप येतो, कधी घरात लग्न असते. रमजानमध्ये तर झोपेच्या आणि जेवणाच्या वेळाच बदलतात. क्रम तुटला, तर राहिलेला सगळा अभ्यास एका रात्रीत भरून काढू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच मिनिटांपासून सुरुवात करावी.

स्वाध्याय
१. विनोबांनी पहिल्या दिवशी फक्त पाच मिनिटे का खणले असावे?
२. ‘दोष मुलाचा नसतो, त्या वेळापत्रकाचा असतो,’ असे लेखक का म्हणतो?
३. वाक्यात उपयोग करा : दम लागणे, हवाली करणे.
४. रोज करता येईल असे एक छोटे काम निवडा. सात दिवस ते वहीत नोंदवा. ज्या दिवशी जमले नाही, त्या दिवसाचे कारणही लिहा.