नेत्रदान : संकल्प आणि संमती

दधीचींनी अस्थी दिल्या, ही कथा आपण भक्तिभावाने ऐकतो. परंतु घरात मृत्यू घडला की नेत्रदानाचा विषय काढणे आपणांस अशुभ वाटते. पुढील जन्मी आंधळेपण येईल, चेहरा विद्रूप होईल, हे समज अजून गेलेले नाहीत. वास्तविक १९०५ साली एडवर्ड झिर्म यांनी बुबुळापुढील पारदर्शक पडद्याचे पहिले यशस्वी रोपण केले, तेव्हापासून हे शास्त्र सिद्ध आहे. चष्मा अगर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आड येत नाही. मात्र साधारण सहा तासांच्या आत नेत्र काढावे लागतात. तोवर पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोक्याखाली उशी द्यावी व नेत्रपेढीस त्वरित कळवावे. आप्तांची संमती नसेल तर पेटीतील संकल्पपत्र पेटीतच राहते. म्हणून आम्ही सुचवितो, संकल्प घरच्या पंगतीत, सर्वांसमक्ष सांगावा.