घरच्या संगणकाचा द्वारपाळ

संगणक इंटरनेटला जोडला म्हणजे त्याजकडे केवळ आपण मागविलेला मजकूर येतो, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाहीं. जगांतील दुसरा संगणकही आपल्या यंत्राचें दार ठोठावूं शकतो. आणि अशीं दारें थोडींथोडकीं नसून त्यांचे क्रमांक ६५५३५ पर्यंत जातात. त्यांस पोर्ट म्हणतात. ज्या पोर्टामागें एखादा प्रोग्राम ऐकत बसला असेल, तेंच खरें उघडें दार. कोणास आंत घ्यावें व कोणास बाहेर सोडावें हें नेमून दिलेल्या नियमांवरून ठरविणारी जी योजना, ती फायरवॉल होय. इमारतींत आग पसरूं नये म्हणून मध्यें भिंत बांधितात, तीवरून हें नांव आलें. परंतु द्वारपाळाची उपमा तीस अधिक शोभते. नहेम्यानें यरुशलेमेचा कोट पुरा करून वेशींस कवाडें लाविल्यावर द्वारपाळ नेमिले, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच.

मात्र द्वारपाळ जागा पाहिजे. २००१ सालीं निघालेल्या विंडोज एक्सपीमध्यें फायरवॉल होती. पण ती सामान्यतः बंदच ठेविलेली असे, आणि ती आहे हेंही बहुतेकांस माहीत नसे. २००३ च्या ऑगस्टांत ‘ब्लास्टर’ नांवाचा उपद्रवी प्रोग्राम १३५ क्रमांकाच्या पोर्टांतून लाखों यंत्रांत शिरला. त्यासाठीं कोणी संशयित पत्र उघडलें नव्हतें, कीं कांहीं उतरवून घेतलें नव्हतें. यंत्र जोडलेलें होतें, एवढेंच पुरे झालें. विंडोजमधील तें छिद्र बुजविणारी दुरुस्ती जवळजवळ महिनाभर आधीं प्रसिद्ध झाली होती, पण ती असंख्य घरीं पोहोंचलीच नव्हती. पुढें ऑगस्ट २००४ मध्यें मायक्रोसॉफ्टनें ‘सर्व्हिस पॅक २’ काढिला, तेव्हांपासून ही फायरवॉल आपोआप चालू राहूं लागली.

आतां निवडीकडे वळूं. येथें ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ यांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. इंग्रजींत दोहोंस एकच शब्द असल्यामुळें घोटाळा होतो. आपल्या भाषेंत ती अडचण नाहीं. विंडोजची फायरवॉल वेगळे पैसे न देतां मिळते. पण तिची घडण आपणांस तपासतां येत नाहीं. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं ग्नूची घोषणा करून जी चळवळ आरंभिली, तिच्या मतें मुक्त सॉफ्टवेअर तें, जें कोणासही चालवितां, अभ्यासितां, बदलतां व वांटतां येतें. ज्याच्या डोळ्यांसमोरून आपलें सर्व जाणें-येणें होतें, त्या चाकराचीच झडती घेतां येऊं नये, हें मला तरी रुचत नाहीं. अर्थात् मुक्त म्हणजे निर्दोष असें मात्र कोणी समजूं नये.

लिनक्स वापरणाराचें काम सोपें आहे. २००१ च्या जानेवारीपासून लिनक्सच्या गाभ्यांतच नेटफिल्टर नांवाची व्यवस्था आहे. यूएफडब्ल्यू, फायरवॉलडी हीं केवळ तिच्याशीं बोलण्याचीं साधनें. म्हणजे भिंत एकच. निवडावयाचा तो तिचा कारभारी. उबुंटूमध्यें यूएफडब्ल्यू आयतें येतें, पण तें आपण चालू करावें लागतें. चालू केलें कीं बाहेरून आपण होऊन येणाऱ्यास बंदी आणि आंतून बाहेर जाणाऱ्यास मोकळीक, असा त्याचा मूळ रिवाज आहे. उलट फेडोराच्या वर्कस्टेशन आवृत्तींत फायरवॉलडी चालू असते खरी, परंतु १०२५ पासून पुढील सर्व पोर्ट तिनें मोकळे सोडिलेले असतात. तेव्हां ‘फायरवॉल चालू आहे’ एवढ्यावर समाधान मानूं नये, नियम वाचावे. ज्या फायरवॉलचे नियम घरांतील निदान एका माणसास वाचून समजतात, ती आपल्या घरास योग्य, अशी माझी कसोटी आहे. तीस यूएफडब्ल्यू सर्वांत चांगलें उतरतें.

ओपनस्निच हें निराळ्या स्वभावाचें. एखादा प्रोग्राम बाहेर संपर्क करूं लागला कीं तें आपणांस विचारतें: जाऊं द्यावें कीं नाहीं? जिज्ञासु विद्यार्थ्यानें हें अवश्य वापरून पाहावें. कोणता प्रोग्राम कोणाशीं गुजगोष्टी करितो, हें पाहून तो चकित होईल. पण दिवसांतून पन्नास वेळां प्रश्न आला म्हणजे मनुष्य न वाचतांच ‘होय’ दाबूं लागतो, आणि मग द्वारपाळ असून नसल्यासारखा! विंडोजवर टायनीवॉल हें मुक्त साधन यासाठींच मला बरें वाटतें. तें असे प्रश्न विचारीत बसत नाहीं, ज्यास परवानगी दिली नसेल त्यास मुकाट्यानें अडवितें. मॅकवर लुलू आहे.

घरीं राउटर असतां हा खटाटोप कशाला, असें पालक विचारतील. राउटर बाहेरच्यांस बऱ्याच अंशीं अडवितो हें खरें. पण घरांतलेंच दुसरें यंत्र बिघडलें तर तो मध्यें पडत नाहीं, आणि लॅपटॉप वसतिगृहांत किंवा स्टेशनावर नेला तर राउटर कांहीं बरोबर जात नाहीं. तसेंच, आपणच हौसेनें उतरवून चालविलेल्या प्रोग्रामास फायरवॉल आंत येतांना अडविणार नाहीं, कारण त्यास आपणच बोलाविलेलें असतें.

मुलांच्या खेळासाठीं एखादा पोर्ट उघडावा लागला तर खुशाल उघडावा. खेळ संपल्यावर तो नियम काढून टाकावा. यूएफडब्ल्यूमध्यें क्रमांकांसह स्थिति विचारली कीं सर्व नियम ओळीनें दिसतात, आणि नको असलेला नियम त्याच्या क्रमांकावरून काढितां येतो.