बांधाने राखलेले बेट

नदी आणि शेतकरी यांचे नाते फार प्राचीन आहे. जालना जिल्ह्यात गोदावरीच्या उत्तर तीरावर शहागड नावाचे गाव आहे. पलीकडचा तीर बीड जिल्ह्याचा. या गावच्या शेतकऱ्यास नदीची दोन्ही रूपे परिचयाची आहेत. उन्हाळ्यात पात्र आटते, तेव्हा तो पाण्यासाठी कासावीस होतो. आणि महापूर येतो, तेव्हा काठचे उभे पीक पाण्याखाली जाते. २००६ च्या ऑगस्ट महिन्यात पैठणच्या जायकवाडी धरणातून पाणी सोडावे लागले, त्या वेळी सगळ्या गोदाकाठाने हे दुसरे रूप पाहिले. परंतु पूर ओसरला, की नदी आपल्या मागे मऊ गाळ ठेवून जाते. त्या गाळात पुढचे पीक जोमाने येते. गोदावरी रागावली तरी तिचे पाणी गोडच असते. म्हणून तिच्या काठचा शेतकरी तिला माता म्हणतो.

पण विद्यार्थ्यांनो, नदीचे पाणीच खारे असले तर? आणि अशा खाऱ्या पाण्याने गावाला चारी बाजूंनी वेढलेले असले तर? तेथे शेती कशी करावी? हा प्रश्न केवळ कल्पनेतला नव्हे. गोव्यातील एका लहानशा बेटावरील शेतकऱ्यांपुढे तो शेकडो वर्षांपूर्वी उभा राहिला, आणि त्यांनी तो आपल्या बुद्धीने व कष्टाने सोडविला. त्या बेटाचे नाव दिवाडी.

सह्याद्रीत उगम पावणारी म्हादई नदी गोव्यात उतरल्यावर मांडवी या नावाने ओळखली जाते. पणजीजवळ ती अरबी समुद्रास मिळते. तेथून सुमारे दहा किलोमीटर आत, नदीचा प्रवाह जेथे दुभंगून पुन्हा एक होतो, तेथे दिवाडी बेट आहे. समोरच्या तीरावर जुने गोवे शहर आहे. बेटावर गोळती, नावेली, मालार, नार्वे अशी छोटी गावे आहेत. मध्यभागी टेकडी आहे. टेकडीवर व तिच्या उतारावर घरे, आंबा-फणसाची झाडे आणि नारळीच्या बागा आहेत. आणि टेकडीच्या पायथ्यापासून नदीपर्यंत सपाट, सखल भातशेते पसरलेली आहेत. पावसाळ्यात टेकडीवरून पाहिले, म्हणजे हिरव्या शेतांच्या कडेने नदीचे रुपेरी पाणी वाहताना दिसते.

हे दृश्य रमणीय खरे. पण त्यात एक मोठे संकट दडलेले आहे. समुद्रास दिवसातून दोनदा भरती येते. भरतीचे खारे पाणी मांडवीच्या मुखातून आत शिरते आणि नदीच्या प्रवाहाविरुद्ध कित्येक किलोमीटर वर चढते. अमावास्येला व पौर्णिमेला तर समुद्राला उधाण येते. बेटावरील भातशेते या भरतीच्या पातळीहून खाली आहेत. म्हणजे मधे काही आडोसा नसता, तर ती शेते दररोज दोन वेळा खाऱ्या पाण्यात बुडाली असती.

खाऱ्या पाण्याने पिकाचे नेमके काय बिघडते? मुळे जमिनीतून पाणी शोषून घेतात. परंतु त्या पाण्यात मीठ फार झाले, की मुळांना ते ओढून घेता येत नाही. रोपाच्या पायाशी पाणी असते आणि रोप मात्र तहानेने सुकून जाते. समुद्रात तहानलेल्या खलाशाची जी गत, तीच त्या रोपाची!

यावर उपाय म्हणून पूर्वजांनी नदीकाठाने मातीचे लांबच लांब बांध घातले. चिखल, पेंढा, झाडांच्या फांद्या आणि जांभा दगड एवढेच काय ते साहित्य. बांधाच्या बाहेर नदीच्या बाजूस खारफुटीची झाडी त्यांनी तोडली नाही, वाढू दिली. कारण तिच्या मुळांच्या जाळ्यामुळे लाटांचा जोर मोडतो व बांधाची माती धुपत नाही. अशा रीतीने भरतीच्या तोंडातून काढून घेतलेल्या जमिनीस खाजण म्हणतात. सगळ्या गोव्यात मिळून सुमारे १८,००० हेक्टर खाजण जमीन आहे असे सांगतात. आपल्या कोकणातही रायगड जिल्ह्यात अलिबाग-पेणच्या बाजूस अशीच जमीन आहे. तिला तेथे खारेपाट म्हणतात.

परंतु नुसता बांध घालून प्रश्न सुटत नाही. गोव्यात दर वर्षी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. जालना जिल्ह्यातील पावसाच्या तो चौपटीहून अधिक आहे. चारी बाजूंनी बांध घातला, तर बाहेरचे खारे पाणी आत येणार नाही हे खरे. पण आतले पावसाचे पाणी बाहेर कसे जाणार? शेताचे तळे होऊन भात कुजेल. म्हणून बांधात जागोजागी दारे ठेवलेली असतात. या दारास मानस असे म्हणतात.

मानशीची रचना मोठी चतुराईची आहे. दगडी बांधकामात कठीण लाकडाची झडप अशी बसवितात, की ती फक्त नदीच्या बाजूसच उघडावी. ओहोटी लागली म्हणजे बाहेरची पातळी खाली जाते. तेव्हा आतले पाणी झडप ढकलून आपोआप बाहेर पडते. भरती आली म्हणजे बाहेरचे पाणी चढते आणि तेच झडपेला दाबून घट्ट बंद करते. तेथे यंत्र नाही आणि रात्रंदिवस दार उघड-बंद करण्यास माणूसही लागत नाही. ज्या भरतीपासून शेताचे रक्षण करावयाचे, तिच्याच जोरावर दार लावून घेण्याची ही युक्ती आहे.

आता वर्षभराचे काम पाहू. उन्हाळ्यात जमीन वाळून तिला भेगा पडतात व मिठाचा अंश वर येतो. मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या, की ते मीठ पावसाच्या पाण्यात विरघळते. ओहोटीच्या वेळी ते पाणी मानशीतून वाहून जाते. पुन्हा पाऊस पडतो, पुन्हा पाणी जाते. असे अनेकदा झाल्यावर जमिनीचा खारटपणा कमी होतो आणि मग शेतकरी पेरणीस लागतो. बीही तो विचार करून निवडतो. कोरगूट नावाचे जुने देशी भात थोडा खारटपणा सहन करते. म्हणून खाजणात त्याला मान असे. पावसाळा सरल्यावर पीक कापले जाते. पुढे काही ठिकाणी भरतीचे पाणी बेताने आत घेतात. त्याबरोबर कोळंबी, शेवटे, चोणक असे मासे येतात. अशा रीतीने एकाच जमिनीतून भात आणि मासळी अशी दोन पिके निघतात. भात व मासळी हेच गोमंतकीयांचे मुख्य अन्न. ते या बांधांच्या आड तयार होई.

बांध म्हटला, की तो सर्वांचा आलाच. एका शेतकऱ्याने आपल्यापुरता बांध नीट राखला आणि शेजाऱ्याने दुर्लक्ष केले, तर शेजाऱ्याच्या बाजूने शिरलेले पाणी दोघांचीही शेते बुडविणार! म्हणून या गावांत गावकरी नावाची संस्था निर्माण झाली. गावची जमीन सामाईक असे. मूळ वसाहत करणाऱ्या कुळांचे वंशज, म्हणजे गावकर, एकत्र बसून कारभार पाहत. शेते लिलावाने कसावयास देत. त्या उत्पन्नातून आधी बांधांची दुरुस्ती, देवस्थान व गावच्या सेवकांचे वेतन यांचा खर्च भागवीत. आणि उरलेला पैसा आपसांत वाटून घेत. बांध फुटला असता गावात दवंडी पिटली जाई व सगळ्यांनी धावून जावे असा दंडक असे.

दिवाडी बेटाने इतिहासातील अनेक उलथापालथी पाहिल्या आहेत. गोव्यावर कदंब राजांची सत्ता होती, तेव्हा त्यांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर या बेटावरील नार्वे येथे होते. बहमनी आक्रमणात ते देवालय उद्‌ध्वस्त झाले. विजयनगरच्या अमलात पुन्हा उभे राहिले. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवे जिंकले आणि पुढे त्याच शतकात ते देवालय पाडले गेले. भाविकांनी शिवलिंग नदीपलीकडे डिचोली महालात नेले व तेथे त्याची स्थापना केली. त्या जागेसही नार्वे हेच नाव मिळाले. १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी तेथील मंदिराचा जीर्णोद्धार करविला. त्याचा शिलालेख आजही तेथे आहे.

बेटावरील पुष्कळ लोकांनी पुढे ख्रिस्ती धर्म स्वीकारला. राजे बदलले, देवालये गेली, चर्च उभी राहिली. परंतु बांध मात्र राहिले. नव्या राज्यकर्त्यांनाही ही व्यवस्था मोडून चालले नाही. १५२६ साली पोर्तुगीज अधिकारी अफोन्सो मेशिया याने गावकरीचे जुने रीतिरिवाज एका दस्तऐवजात लिहवून घेतले. सारा हवा, तर भात पिकले पाहिजे. आणि भात पिकावयाचे, तर बांध टिकला पाहिजे, हे त्या परकीयांनाही उमगले होते. समोरच्या तीरावरील जुने गोवे हे त्या काळी आशियातील एक वैभवशाली शहर होते. पुढे रोगराईने ते ओस पडले आणि १८४३ साली पणजीस राजधानीचा दर्जा मिळाला. शहर गेले, पण पलीकडच्या बेटावरील भातशेती चालूच राहिली.

बेटावर ऑगस्ट महिन्यात बोंदेरा नावाचा उत्सव होतो. पोर्तुगीज भाषेत निशाणाला बांदेरा म्हणतात. पूर्वी दोन वाड्यांत शेतांच्या हद्दींवरून तंटे होत. त्या हद्दी दाखविण्यासाठी निशाणे रोवली जात आणि विरुद्ध पक्षाचे लोक ती पाडीत, असे सांगतात. आज तंटा राहिला नाही. निशाणांची मिरवणूक व आनंद तेवढा राहिला आहे. भांडणाचा उत्सव करून टाकणे हेही शहाणपणच नव्हे काय?

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६४ साली कूळकायदा आला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळांना जमिनीच्या मालकीचा मार्ग मोकळा झाला. जो घाम गाळतो त्याला जमीन मिळावी, हे न्यायाचेच झाले. परंतु त्याबरोबर एक नवी अडचण उभी राहिली. पूर्वी बांधाची जबाबदारी गावकरीची होती. आता ती कुळांच्या संघांकडे आली. शेत ज्याचे त्याचे झाले, पण बांध कोणाचा, हा प्रश्न अनेक ठिकाणी नीट सुटला नाही. तरुण मंडळी नोकरीसाठी मुंबईस व परदेशी गेली. शेतमजुरी महाग झाली. काही ठिकाणी भातापेक्षा मासळीत पैसा अधिक, म्हणून खारे पाणी हवे त्याहून जास्त दिवस आत ठेवले जाऊ लागले. गोव्यातील कितीतरी खाजणे अशा रीतीने पडीक झाली आणि जेथे भात डोलत असे, तेथे खारफुटी माजली.

बांध फुटतो तो एकदम नव्हे. खेकडा बांधात बीळ करतो. त्या बिळातून थेंब थेंब पाणी झिरपू लागते. त्याच दिवशी कोणी दोन घमेली चिखल टाकला, तर काम भागते. कोणी लक्ष दिले नाही, तर पुढच्या उधाणाला तेथे भगदाड पडते. आणि एका रात्रीत आत आलेले मीठ धुऊन काढावयास दोनतीन पावसाळे लागतात. दोन घमेल्यांचा आळस दोन वर्षांच्या भाताला भोवतो!

जगात अन्यत्रही लोक असेच पाण्याशी झुंजत आले आहेत. केरळात पोक्काली नावाचे भात खाऱ्या जमिनीत पिकते. नेदरलँड्स देशाचा मोठा भाग समुद्रसपाटीहून खाली आहे. १९५३ साली तेथील बांध वादळात फुटले आणि १,८०० हून अधिक माणसे दगावली. त्यानंतर त्या देशाने प्रचंड बांध उभारले. आज पृथ्वीचे तापमान वाढत असल्याने समुद्राची पातळीही हळूहळू चढत आहे. म्हणून दिवाडीच्या मातीच्या बांधाचे मोल आता कमी न होता वाढलेच आहे.

कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्णपणे सुरू झाली. तिची गाडी मांडवी ओलांडताना या बेटावरून जाते. डब्यात बसलेल्या प्रवाशास क्षणभर हिरवी शेते व त्यांच्या कडेची मातीची एक ओळ दिसते, आणि गाडी पुढे निघून जाते. ती साधी ओळ कोणी घातली, किती पिढ्यांनी राखली, हे त्याला माहीत नसते. तुम्हांला ते आता माहीत झाले आहे. तुमच्या गावात असा बांध कदाचित नसेल. पण सामाईक विहीर असेल, पाझर तलाव असेल, कालव्याची चारी असेल. तिला पडलेले पहिले छिद्र ज्याच्या दृष्टीस पडेल, त्यानेच ते बुजविण्यास पुढे झाले पाहिजे.

स्वाध्याय

१. गोदावरीच्या पुराचे पाणी आणि मांडवीतील भरतीचे पाणी यांत कोणता फरक आहे?
२. पायाशी पाणी असूनही खाऱ्या जमिनीत रोप का सुकते?
३. मानशीची झडप भरतीच्या व ओहोटीच्या वेळी कसे काम करते, हे आकृती काढून समजावून सांगा.
४. ‘शेत ज्याचे त्याचे झाले, पण बांध कोणाचा?’ या वाक्याचा अर्थ पाच-सहा ओळींत स्पष्ट करा.
५. तुमच्या गावातील एखाद्या सामाईक वस्तूची देखभाल पूर्वी कोण करीत असे व आज कोण करते, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.