चाळीस टक्के दाखवतो आणि बंद पडतो

माझा फोन बंद पडायचा तो नेमका पैसे देताना. भाजीवालीचा क्यूआर कोड स्कॅन करायला कॅमेरा उघडला रे उघडला, की स्क्रीन काळी. बॅटरी तर चाळीस टक्के असायची. पुन्हा चालू करावा तर कंपनीचं नाव उमटायचं आणि तिथेच मान टाकायचा. घरी आणून चार्जरला लावला की तोच फोन मुकाट सुरू, आणि बॅटरी पुन्हा चाळिसाच्या आसपास!

पहिल्या दुकानातल्या पोराने फोन उघडूनही न बघता निकाल दिला, "काका, बोर्ड गेलाय. आयसीचं काम आहे, साडेतीन हजार होतील." दुसरा म्हणाला, "सॉफ्टवेअर मारून बघू, डेटा जाईल फक्त." फक्त! 'कधी बंद पडतो?' हे मात्र दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. निम्मं निदान त्या एका प्रश्नात असतं, म्हणून दुकानाची पायरी चढण्याआधी तो आपणच आपल्याला विचारायचा.

माझ्या फोनचं उत्तर सरळ होतं. नुसता वाचत बसलो तर तासभर चालायचा. कॅमेरा, झगझगीत स्क्रीन आणि नेट अशा तिघांनी एकदम वीज मागितली की जायचा. बॅटरी म्हातारी झाल्याची ही खूण. स्क्रीनवरचे टक्के हा फोनने बांधलेला अंदाज असतो. लिथियम-आयन सेल भरलेला असताना साधारण ४.२ ते ४.४ व्होल्ट देतो आणि वापरता वापरता खाली येतो. जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, त्यामुळे एकदम जास्त करंट खेचला की व्होल्टेज क्षणात कोसळतं आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. भार उतरला की व्होल्टेज पुन्हा वर येतं. बोअरच्या पाण्याने क्षार धरलेल्या पाइपासारखंच हे: टाकीत पाणी असतं, एक नळ नीट चालतो, तीन उघडले की धार तुटते.

हे फक्त स्वस्त फोनचं दुखणं नव्हे. २०१६ मध्ये आयफोन ६ आणि ६एस असेच अचानक बंद पडू लागले होते. अॅपलने जानेवारी २०१७ च्या अपडेटमध्ये जुन्या बॅटरीच्या फोनचा वेगच गुपचूप आवरता घेतला. डिसेंबरमध्ये ते बाहेर आलं, तेव्हा माफी मागून बॅटरी बदलण्याचे दर उतरवावे लागले. म्हणजे एवढ्या मोठ्या कंपनीच्या फोनवरही खरा इलाज नवी बॅटरी हाच होता.

तुमच्या फोनचं कारण वेगळंही असू शकतं. रोज रात्री ठरावीक वेळी बंद होत असेल, तर आधी सेटिंगमध्ये ठरल्या वेळी बंद-चालू होण्याची सोय कुणी लावून ठेवली नाही ना, ते बघा. हसू नका, घरातल्या नातवंडांना सगळं येतं. बंद होऊन आपोआप पुन्हा सुरू होत असेल तर कव्हर काढून दोन दिवस वापरा. घट्ट कव्हरने पॉवरचं बटण दाबलेलं राहतं. नवं अॅप टाकल्यापासून त्रास असेल तर अँड्रॉइड फोन सेफ मोडमध्ये चालवून बघा. बऱ्याच फोनमध्ये स्क्रीनवरचं पॉवर ऑफ दाबून धरलं की तो पर्याय येतो. एक मात्र आहे, अॅपमुळे फोन अडकतो, गरम होतो, रीस्टार्ट होतो. पार विझून जाणं हे बहुतेकदा विजेचंच दुखणं असतं.

गाडीच्या हँडलवर फोन लावून मे महिन्याच्या उन्हात फिरणाऱ्यांचं प्रकरण निराळं. आयफोन वापरताना भोवतालचं तापमान ३५ अंशांपर्यंतच असावं, असं अॅपलच सांगतं. आपल्याकडे चंद्रपूर-अकोल्यात सावलीतही पारा त्याच्या वर असतो. तापलेला फोन बंद झाला तर सावलीत ठेवा, कव्हर काढा, फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. आत दव धरतं. पडल्यानंतर किंवा भिजल्यानंतर सुरू झालेला त्रास असेल तर तो उघडल्याशिवाय कळत नाही. आणि तांदळाच्या डब्यात खुपसणं सोडा, तांदळाचे कण आत जातात ते वेगळंच.

बॅटरीच बदलायची ठरली तरी प्रकरण संपत नाही, हे मी पुढे अनुभवलं. मला बसवून मिळाली ती 'एकदम ओरिजिनल' बॅटरी काही महिन्यांतच फुगली. फोन टेबलावर ठेवून बोट लावलं की भोवऱ्यासारखा फिरायचा, आणि स्क्रीनच्या कडेला नख जाईल एवढी फट पडली होती. असं दिसलं की चार्जिंग तिथल्या तिथे थांबवा, फोन बंद करा. दाबून बसवायला जाऊ नका, टोचू तर मुळीच नका. आत वायू साठलेला असतो आणि सेल पेट घेऊ शकतो. ती बॅटरी घंटागाडीत नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यायची.

दुसऱ्यांदा मी कंपनीच्या सेवा केंद्रात गेलो. जास्त पैसे गेले, पण फोन अजून चालतोय. तुमच्या गावात केंद्र नसेल तर निदान बॅटरीवर बीआयएसचं चिन्ह आणि आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आहे का, ते बसवण्याआधी स्वतः बघा. जुन्या बॅटरीपेक्षा भलताच मोठा एमएएचचा आकडा छापलेला दिसला तर ती सरळ परत करा. त्याच जागेत मावणाऱ्या बॅटरीत एवढी वीज येणार कुठून?

फोन देण्याआधी तो चार्जरला लावूनच फोटोंचा आणि व्हॉट्सअॅपचा बॅकअप घ्या, कारण अशा फोनचा भरवसा तेवढ्यापुरताच. सिम काढून घ्या, पिन कागदावर लिहून देऊ नका. परत घेताना फ्लॅश लावून व्हिडिओ काढायचा आणि तो सुरू असताना फोन काही मिनिटं हातात धरून उभं राहायचं, दुकानदार कितीही घाई करो. बॅटरीचं नाव आणि वॉरंटी बिलावर लिहून मागितली की दर शंभर-दोनशेने चढतो. चढू द्या.