चपलेला नंबर, मग खुर्चीला का नाही?

कंबर, मान किंवा पाय दुखतात म्हणून येणारे रुग्ण तपासणी झाल्यावर उठता उठता एक प्रश्न हमखास विचारतात, "डॉक्टर, खुर्ची कोणती घेऊ?" पूर्वी हा प्रश्न बँकेतले आणि कचेरीतले लोक विचारत. २०२० च्या टाळेबंदीनंतर घरी बसून पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचे काम करणारी मुले विचारू लागली. आता दुकानदार, शिक्षक, सेतू केंद्रात दिवसभर अर्ज भरून देणारेही विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात कंपनीचे नाव आणि किंमत असते. मी उलट विचारतो, "तुमची टाचेपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंतची उंची किती?" त्यावर बहुतेक जण माझ्याकडे नुसते पाहत राहतात.

चप्पल घेताना आपण नंबर पाहतो. पाच नंबरचा पाय असलेला माणूस नऊ नंबरची चप्पल "जास्त महाग आहे, म्हणजे चांगली असेल" असे म्हणून घेत नाही. खुर्चीच्या बाबतीत मात्र नेमके हेच चालते. पाठ जितकी उंच, गादी जितकी जाड, तितकी खुर्ची चांगली, असा सर्वत्र समज आहे. अमेरिकेत १९९४ साली एरॉन नावाची कार्यालयीन खुर्ची बाजारात आली, ती लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन मापांत मिळे. आपल्याकडच्या दुकानांत अजून बहुतेक एकच माप असते, आणि ते साधारण साडेपाच फुटांपेक्षा उंच पुरुषाला बरे पडते. आपल्या लोकांची मापे कोणी घेतलीच नाहीत असे नाही. डॉ. देबकुमार चक्रबर्ती यांनी तयार केलेला भारतीय स्त्री-पुरुषांच्या शरीरमापांचा संग्रह अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ सालीच प्रसिद्ध केला आहे. पण दुकानात खुर्ची दाखवणारा माणूस ग्राहकाची उंची पाहतो असा अनुभव मला तरी आलेला नाही. तेव्हा माप आपणच घ्यायचे.

एक उदाहरण देतो. एका पतसंस्थेत संगणकावर नोंदी करणाऱ्या बाई माझ्याकडे आल्या. वय बेचाळीस, उंची चार फूट दहा इंच. दुपारनंतर दोन्ही पायांना मुंग्या येत, संध्याकाळी पावले सुजत, कंबर तर रोजचीच दुखे. कोणीतरी "नस दबली आहे" असे सांगितल्याने त्या घाबरल्या होत्या. घरच्यांनी नोकरी सोडायचे जवळजवळ ठरवले होते, आणि त्या पगारावर मुलाचे कॉलेज चालले होते. "डॉक्टर, ऑपरेशन लागलं तरी चालेल, पण नोकरी सोडा म्हणू नका," असे त्या म्हणाल्या. तपासणीत पायांची ताकद, संवेदना, नाडी सर्व ठीक होते. रक्तातील साखरही ठीक होती. मी म्हटले, "ताई, उद्या कामावर बसलेल्या असताना कोणाला तरी बाजूने एक फोटो काढायला सांगा. बसायचं मात्र नेहमीसारखं, फोटोसाठी नीट बसू नका."

फोटोत सगळे दिसले. संस्थेने नवी, मोठ्या पाठीची, साहेबांना शोभेल अशी खुर्ची दिली होती. तिची बैठक अगदी खाली केली तरी जमिनीपासून १८ इंच. बाईंच्या गुडघ्यामागची लवण चपलेसह साडेचौदा इंचांवर. म्हणजे पाय साडेतीन इंच अधांतरी! बैठकीची खोली, म्हणजे पुढच्या कडेपासून पाठीपर्यंतचे अंतर, २० इंच. आणि बाईंच्या मांडीची लांबी, पाठीमागून लवणीपर्यंत, १७ इंच. मागे टेकून बसावे तर खुर्चीची कड गुडघ्यामागे रुतते. पुढे सरकावे तर पाठीला आधार नाही. त्या दिवसभर या दोन्हींमध्ये पुढे-मागे होत होत्या.

गुडघ्यामागच्या लवणीतून पायाच्या शिरा आणि रक्तवाहिन्या जातात. पाय लोंबकळत असले की त्यांचा सगळा भार मांडीच्या खालच्या बाजूवर, खुर्चीच्या कडेवर पडतो. तिथे दाब आला की मुंग्या येतात, रक्त वर परतायला अडथळा होतो आणि पावले सुजतात. याला मणक्यातली नस दबणे म्हणत नाहीत, आणि याला ऑपरेशन लागत नाही. बाईंनी पहिले आठ दिवस पायांखाली जुन्या खतावण्यांचा गठ्ठा ठेवला, नंतर सुताराकडून साडेतीन इंच उंच, ऐसपैस पाट करून घेतला. पाठीमागे तीन-चार इंच जाडीची घट्ट उशी बांधली, त्यामुळे बैठकीची खोली आपोआप कमी झाली. पंधरा दिवसांत मुंग्या थांबल्या, सूज उतरली. कंबर मात्र एकदम थांबली नाही, तिला व्यायाम आणि दोन महिने लागले. नोकरी चालू आहे.

आता आपले माप कसे घ्यायचे ते पाहू. शिंप्याकडची टेप घ्या. रोज जी चप्पल किंवा बूट घालून काम करता ते घाला, भिंतीजवळ स्टुलावर गुडघे काटकोनात ठेवून बसा आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंतचे अंतर घरातल्या कोणाकडून तरी मोजून घ्या. हे अंतर साधारणपणे माणसाच्या उंचीच्या पाव हिश्शाच्या आसपास भरते. पाच फुटांच्या व्यक्तीचे पंधरा इंच, सहा फुटांच्याचे अठरा. पण पाव हिश्शावर विसंबू नये, कारण सारख्या उंचीच्या दोन माणसांत एकाचे धड लांब तर दुसऱ्याचे पाय लांब असतात. खुर्चीची बैठक या मापाइतकी किंवा अर्धा-एक इंच कमी असावी. खुर्ची वर-खाली होणारी असेल तर ती सर्वांत खाली किती येते हे दुकानदाराला विचारा. "किती वर जाते" हे तो न विचारताच सांगतो.

बसल्यावर एक सोपी परीक्षा करा. पावले पूर्ण जमिनीला टेकलेली असताना मांडी आणि बैठकीची पुढची कड यांच्यात हाताचा पंजा सहज सरकला पाहिजे. मग पाठ मागे टेकवून पाहा, कड आणि पोटरी यांच्यात तीन बोटे आडवी बसली पाहिजेत. पंजा सरकत नसेल तर खुर्ची उंच आहे, बोटे बसत नसतील तर ती खोल आहे. उंच माणसाची तऱ्हा उलटी. घरून काम करणारा एक सहा फुटी तरुण जेवणाच्या टेबलाजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसे. गुडघे कमरेच्या वर यायचे, पाठीचा कमान व्हायचा. त्याने ऐटबाज रंगीत गेमिंगची खुर्ची मागवली, पण तिच्यातली मानेची उशी त्याच्या खांद्यांना टोचू लागली. उंच पाठीची खुर्ची घेताना उशी किंवा फुगवटा आपल्या शरीरावर नेमका कुठे येतो हे बसूनच कळते. फोटो पाहून कळत नाही.

एवढे झाले तरी अर्धेच काम झाले, कारण खुर्चीच्या समोर टेबल असते. आपल्याकडची टेबले बहुधा २९-३० इंच उंचीची. पाच फुटांची बाई पंधरा इंचांवर बसली तर तिचे कोपर बैठकीपासून आठ-नऊ इंच वर, म्हणजे जमिनीपासून चोवीस इंचांच्या आसपास येते. टेबल सहा इंच वर राहिले. मग ती खांदे उचलून लिहिते किंवा टंकलेखन करते, आणि संध्याकाळी मान-खांदे भरून येतात. अशा वेळी जमिनीपासून नव्हे, टेबलापासून हिशोब करावा. कोपर टेबलाच्या पातळीला येईल इतकी खुर्ची वर घ्यावी आणि जेवढी वर घेतली तेवढा पाट पायाखाली द्यावा. संगणकाच्या टेबलाला खाली सरकती फळी असेल तर कळफलक तिच्यावर ठेवावा, पाट कमी उंचीचा पुरतो. घरातले लाकडी टेबल स्वतःचे असेल तर सुताराकडून पाय कापून घेण्यात लाजण्यासारखे काही नाही. लॅपटॉप वापरणाऱ्यांनी तो चार पुस्तकांवर ठेवून पडदा डोळ्यांसमोर आणावा आणि कळफलक वेगळा जोडावा, नाहीतर कितीही भारी खुर्ची घेतली तरी मान वाकलेलीच राहणार.

खुर्चीचे हात हा आणखी एक घोळ. ते टेबलाला अडत असतील तर माणूस टेबलापासून लांब बसतो आणि पुढे वाकतो. असे हात सरळ काढून टाकावेत, चार स्क्रूंचे काम असते.

पाठीविषयी एक जुना उपदेश आपण सर्वांनी शाळेत ऐकला आहे: ताठ बस! थोडा वेळ ठीक आहे, पण आठ तास काठीसारखे ताठ बसणे स्नायूंना झेपत नाही. स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकापासून दोन मणक्यांमधल्या गादीत सुईवाटे प्रत्यक्ष दाब मोजला. उभे असतानाचा दाब १०० धरला तर आधाराविना बसल्यावर तो सुमारे १४० आणि बसून पुढे वाकल्यावर १८५ भरला. १९९९ साली जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी एका निरोगी माणसावर पुन्हा मोजणी केली, तेव्हा आरामात बसणे आणि उभे राहणे यांत तसा फरक दिसला नाही. मात्र वाकून बसल्यावर दाब वाढतो हे दोन्हीकडे दिसले, आणि मागे रेलल्यावर तो कमी होतो हेही. म्हणून खुर्चीची पाठ काटकोनापेक्षा किंचित मागे झुकणारी असावी, आणि कमरेच्या खोलगट भागाला, पट्टा बांधतो त्याच्या थोडे वर, आधार मिळावा. तो नसेल तर टॉवेलची मनगटाएवढी जाड गुंडाळी बांधावी. ती खर्चिक उशीइतकेच काम करते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. गादी मुठीने दाबून पाहा. मूठ खालच्या फळीला लागली तर ती वर्षभरात बसणार. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये रेक्झिनपेक्षा जाळीची किंवा वेताची पाठ बरी; पण वेताची बैठक झोळ्यासारखी खचली असेल तर विणून घ्या. चाकांची खुर्ची पाच पायांची घ्यावी, चार पायांची कलंडते. बसल्यावर हळूहळू खाली जाणारी खुर्ची म्हणजे तिचे नळकांडे बिघडले, ते बदलून घ्यावे, घरी उघडू नये, आत दाबाने भरलेला वायू असतो. आणि "ऑर्थोपेडिक" या शब्दाला भुलू नये. तो शब्द छापला म्हणून खुर्चीला औषधाचा गुण येत नाही. दुकानात किमान पंधरा मिनिटे बसा, दुकानदाराने तोंड वाकडे केले तरी.

मापाची खुर्ची मिळाली तरी अर्ध्या-पाऊण तासाने उठावे. पाणी प्यायला जा, फोन आला तर उभे राहून बोला.

कंबरदुखीबरोबर लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, जांघेच्या व बसायच्या जागी बधिरपणा, पायाची ताकद कमी होणे यांपैकी काही झाले तर खुर्चीचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे; इथे काही तासांचा उशीरही महागात पडतो. ताप, कारण नसताना घटणारे वजन, रात्री झोपेतून उठवणारी वेदना असेल तर डॉक्टरांना लवकर दाखवावे. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली तर तीही त्याच दिवशी तपासून घ्यावी, ती शिरेतली रक्ताची गुठळी असू शकते.

शाळकरी मुलांची मापे दरवर्षी बदलतात, त्यामुळे त्यांच्या अभ्यासाच्या टेबल-खुर्चीचा हिशोब वेगळा आहे. त्याविषयी पुढील आठवड्यात.