पायवाटेचा पाठ : आंजर्ल्याची पुळण, डोंगर आणि केळशीची वाळूची टेकडी
(परिसर अभ्यास, इयत्ता चौथी व पाचवीच्या शिक्षकांकरिता)



समुद्राच्या काठी राहणाऱ्या मुलास 'भरती केव्हा येते?' असा प्रश्न विचारल्यास 'चंद्राच्या आकर्षणामुळे भरती येते' असे उत्तर पुष्कळदा मिळते. उत्तर पुस्तकातील आहे व ते चूकही नाही. परंतु प्रश्न 'केव्हा' असा होता. आज दुपारी पुळणीवर पाणी किती असेल, हे ज्यास सांगता येत नाही, त्याचे भूगोलाचे ज्ञान अपुरे आहे एवढेच नव्हे, तर किनाऱ्यावर त्याच्या जिवासही धोका आहे. पूर्वी खाडी तरीतून ओलांडावयाची आणि पुळणीवरून पलीकडचा गाव गाठावयाचा, असा नित्याचा क्रम होता. त्यामुळे हे ज्ञान मुलांस वडीलधाऱ्यांबरोबर चालता चालता मिळत असे. खाडीवर पूल झाला, वाहने आली, सोय झाली. ही गोष्ट चांगलीच आहे. मात्र पायांनी मिळणारे जे शिक्षण बंद पडले, ते देण्याची जबाबदारी आता शाळेवर आली आहे. या दृष्टीने पुढील पाठ सुचविला आहे.

पाठाचे हेतू

(१) तिथीवरून भरती-ओहोटीची वेळ काढण्यास शिकविणे. (२) किनारा, डोंगर व वाळूची टेकडी ही भूरूपे प्रत्यक्ष दाखवून त्यांची कारणे समजावून देणे. (३) कोठे चालावे याबरोबरच केव्हा चालू नये, याची सवय लावणे.

पूर्वतयारी : पाऊणपटीचे गणित

सहलीच्या आधी दोन दिवस वर्गात पंचांग किंवा दिनदर्शिका न्यावी. कोकणात चालत आलेला ठोकताळा असा की, तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची वेळ येते. शुक्ल व कृष्ण, दोन्ही पक्षांस हा नियम लागू आहे. पंचमीस ५ ची पाऊणपट ३¾, म्हणजे पावणेचारला भरती. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी होते. म्हणून त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास पाणी सर्वांत खाली असेल. अष्टमीस ८ ची पाऊणपट ६, म्हणून ओहोटी दुपारी बाराच्या पुढेमागे. पौर्णिमेस व अमावास्येस १५ धरावे. उत्तर ११¼ येते, म्हणजे ऐन दुपारी पुळण पाण्याखाली असते. शिवाय या दोन तिथींच्या आसपास उधाण असल्यामुळे पाणी अधिक वर चढते.

या नियमाचे कारणही सांगावे. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तितकीच पुढे ढकलली जाते. आपल्या ठोकताळ्यात हा फरक ४५ मिनिटांचा, म्हणजे पाऊण तासाचा धरलेला आहे. त्यामुळे उत्तर स्थूल येते आणि बंदराबंदरांतही अंतर पडते. मुलांचे उत्तर छापील भरती-कोष्टकाशी ताडून पाहावे आणि निघण्यापूर्वी गावातील जाणत्या कोळ्यास अवश्य विचारावे. तिघांची उत्तरे जवळ जवळ जुळली, की मुलांस गणिताविषयी जो विश्वास वाटतो, तो फळ्यावरील दहा उदाहरणांनी वाटत नाही.

सहलीस कृष्ण किंवा शुक्ल पंचमीचा दिवस व नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ सोयीचा आहे. ओहोटी पुरी होण्यापूर्वी दोन तास पुळणीवर उतरावे व पाणी उलटताच पुळण सोडावी.

पहिला टप्पा : खाडीचे मुख व पुळण

जोग नदी आंजर्ल्याजवळ समुद्रास मिळते. खाडीच्या मुखाशी पाण्यात न उतरता, काठावरूनच निरीक्षण करावे. नदीने आणलेला गाळ, लाटांनी लोटलेली वाळू आणि ओहोटीचा ओढ ही तिन्ही तेथे एकमेकांशी झगडत असतात. म्हणून वाळूचे दांडे जागा बदलतात व काल उथळ असलेली जागा आज खोल असू शकते. ही गोष्ट मुलांच्या मनावर नीट बिंबवावी.

पुढे पुळणीवरून चालताना प्रत्येक तुकडीस एकेक काम नेमून द्यावे. एकीने ओल्या वाळूची रेघ कोठवर आहे ते पाहावे. दुसरीने शिंपल्यांचे प्रकार मोजावेत. तिसरीने सुरूच्या बनापाशी वाळू का अडते, याचा विचार करावा. याच पुळणीवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालण्यास येतात. मादी रात्री वाळूत खड्डा करून सुमारे शंभर अंडी घालते व खड्डा बुजवून समुद्रात परत जाते. साधारणतः ४५ ते ६० दिवसांत पिले बाहेर पडतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली मंडणगड तालुक्यातील वेळास येथे ग्रामस्थांच्या साहाय्याने कासव-संरक्षणाचे काम आरंभिले. पुढे ते आंजर्ल्यासह इतर किनाऱ्यांवरही पसरले. कुंपण घातलेल्या घरट्यांपासून मुलांस दूर ठेवावे आणि अंडी वा पिले हाताळू देऊ नयेत.

दुसरा टप्पा : डोंगराची चढण

कड्यावरच्या गणपतीच्या डोंगरावर चढताना मुलांस पायांखालच्या दगडाकडे पाहावयास सांगावे. तांबडा, सच्छिद्र असा हा जांभा दगड आहे. मूळच्या काळ्या खडकातील विरघळणारी द्रव्ये हजारो पावसाळ्यांत वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली. त्यांतून जांभा तयार झाला. घराच्या भिंतींचे चिरे आणि या वाटेचा दगड एकाच जातीचे आहेत, हे मुलांनीच ओळखावे.

मंदिराचा जीर्णोद्धार १७६८ ते १७८० या काळात झाला. मूळ मंदिर खाली किनाऱ्याजवळ होते व समुद्र पुढे सरकल्यामुळे देव डोंगरावर आला, अशी लोककथा आहे. डोंगरावरील पाऊलखूण दाखवून गावकरी ती भक्तिभावाने सांगतात. शिक्षकांनी ती आदरपूर्वक सांगावी आणि तिच्या जोडीस एक प्रश्न ठेवावा : समुद्र जमिनीवर खरोखर पुढे सरकतो काय? आपण नुकतीच पाहिलेली पुळण या प्रश्नाचे उत्तर देण्यास मदत करील.

माथ्यावरून दक्षिणेस हर्णे बंदर व समुद्रातील सुवर्णदुर्ग दिसतो. १७५५ साली इंग्रजांच्या आरमाराने पेशव्यांच्या बाजूने लढून हा किल्ला आंग्र्यांकडून घेतला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत सुवर्णदुर्गही आहे. येथे मुलांकडून दिशांसह साधा नकाशा काढून घ्यावा. खाली पाहून काढलेला नकाशा मुले विसरत नाहीत.

तिसरा टप्पा : केळशीची वाळूची टेकडी

आंजर्ल्याच्या उत्तरेस आडे, पाडले या गावांवरून केळशीकडे वाट जाते. एवढे अंतर लहान मुलांस एका दिवसात चालविणे योग्य नव्हे; हा टप्पा वेगळ्या दिवशी, वाहनाने केळशीस जाऊन घ्यावा. भारजा नदीच्या मुखाशी तेथे वाळूची मोठी टेकडी आहे. वाळूच्या टेकड्या केवळ राजस्थानच्या थरच्या वाळवंटातच असतात, हा समज येथे दूर होतो. कोरडी वाळू, सतत वाहणारा वारा व वाळू अडविणारा एखादा अडथळा एवढे असले की टेकडी वाढू लागते. वाऱ्याकडील उतार सौम्य व आडोशाचा उतार तीव्र राहतो. मात्र केळशीच्या टेकडीचे काम सर्वस्वी वाऱ्याचे नसावे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांनी तिचा अभ्यास केला असून, त्सुनामीच्या प्रचंड लाटेने ही वाळू येथे लोटली असावी, असा तर्क मांडला गेला आहे. एका भूरूपाची दोन कारणे संभवतात व त्यांचा निर्णय पुराव्याने करावयाचा असतो, हे शिकविण्यास याहून सोयीचे स्थळ मिळणे कठीण.

विसाव्याची गोष्ट

विसाव्याच्या वेळी मुलांस पुढील हकीकत सांगावी. हर्ण्याच्या दक्षिणेस असलेल्या मुरुड गावी वाढलेले धोंडो केशव कर्वे हे १८७५ साली परीक्षेस बसण्याकरिता साताऱ्यास पायी गेले. भर पावसात, सह्याद्री ओलांडून सुमारे ११० मैलांची ती वाट होती. तेथे पोहोचल्यावर 'वयाने लहान दिसतोस' म्हणून त्यांस परीक्षेस बसू दिले नाही. ते परतले, पण खचले नाहीत. पुढे १९१६ साली त्यांनी स्त्रियांचे विद्यापीठ स्थापन केले व १९५८ साली त्यांस 'भारतरत्न' हा सन्मान मिळाला. नकाशावर ती वाट बोटाने दाखवावी. आपल्या दापोलीकडे वर्षास सुमारे ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. सह्याद्रीपलीकडे, सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण तालुक्यात तो सुमारे ५०० मिलिमीटरच्या आसपास राहतो. ढग डोंगराच्या अलीकडेच रिकामे होतात, हे मुलांस या एका वाटेवरून उमगते.

उजळणी व गृहपाठ

(१) येत्या दशमीस भरती किती वाजता येईल? त्या दिवशी सकाळी आठ वाजता पुळणीवर जावे काय? कारणासह लिहा.
(२) घरातील वृद्ध माणसांस विचारून, गावातील जुन्या पायवाटा, पाखाड्या, तरीच्या जागा यांची नावे वहीत उतरवा.
(३) वाऱ्याच्या बाजूस तोंड करून वाळूच्या टेकडीची आकृती काढा.

दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे शाळेने जपून ठेवावीत. ज्या वाटेवरून कोणी चालत नाही, ती दोन पावसाळ्यांत झाडोऱ्याखाली जाते, आणि तिचे नाव सांगणारे माणूस गेले की नावही जाते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र प्रत्येक मुलाकडून बरोबर येईपर्यंत वर्गास पुळणीवर नेऊ नये. सहल एक पंधरवडा लांबली तरी हानी नाही. पुढची पंचमी पंधरा दिवसांनी येतेच.